विंगेतला शब्द

“हीलर काय, ताई आहेतच की.”

बोलणारा मुलगा जेमतेम तेविशीचा, आमच्या टेबलावर पहिल्यांदाच आलेला. बोलताना त्याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मधोमध ओतलेल्या फाशांच्या ढिगातून तो स्वतःसाठी एका रंगाचे सात फासे वेचत होता. जुलैतला रविवार. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मैत्रिणीच्या घरी आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जमतो: प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, सगळ्यांनी मिळून एक गोष्ट जगायची, आणि काय साधलं काय नाही ते फाशांनी ठरवायचं. जेवणाच्या टेबलावरचं फुलाफुलांचं मेणकापड, त्यावर पसरलेली कॅरेक्टर शीट्स, ती पंख्याने उडू नयेत म्हणून ठेवलेले मोबाईल आणि चहाचे कप, खिडकीच्या गजांतून आत येणारे पावसाचे तुषार. जुनी मोहीम, म्हणजे कितीतरी रविवार चाललेली एक गोष्ट, मे महिन्यात संपली होती. नवी सुरू व्हायची होती आणि कोण काय होणार हे त्या दुपारी ठरायचं होतं. एकाने बार्बेरियन घेतला, एकीने विझार्ड, एकाने मंक, या नव्या मुलाने फायटर. “मग हीलर?” असं मैत्रिणीने विचारलं (तीच आमची डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी; हीलर म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा), आणि मी तोंड उघडायच्या आत ते वाक्य आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मैत्रिणीने माझ्या नावापुढे पेन्सिलीने ‘क्लेरिक’ लिहिलंसुद्धा, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारी पुरोहित. मी हसले, आणि पुढचे दोन तास अगदी नीट वागले. स्टेशनकडे चालत जाताना, छत्रीवर पाऊस वाजत असताना, घशाशी काहीतरी अडकलंय हे पहिल्यांदा जाणवलं.

मी क्लेरिकच मागणार होते.

आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भांडुपहून दादरला रोज ट्रेनने जाताना मी मनातल्या मनात पात्रं घडवत होते. बार्ड, म्हणजे गाणारी भाट, घ्यावी का? जुन्या मोहिमेच्या आधी एका छोट्या खेळात मी ओवी नावाची बार्ड खेळले होते. बार्डचं इन्स्पिरेशन मला फार आवडतं: आपण आपला एक फासा दुसऱ्याच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, तुला गरज पडेल तेव्हा वापर. ड्रुइडचाही विचार करून झाला, पण रानात रमणारं पात्र माझ्या हातून खरं उतरत नाही, माझं सगळं आयुष्य जिन्यांवर आणि पुलांवर गेलेलं. शेवटी मन पुन्हा क्लेरिकवर आलं. लाइफ डोमेनची, म्हणजे जीव सांभाळणाऱ्या देवाची, जड चिलखत घालणारी, पुढच्या रांगेच्या दोन पावलं मागे उभी राहणारी बाई. तिचं नाक कसं असेल, ती कुठल्या गावची, देवाशी ती भांडते की गप्प राहते, सगळं ठरलं होतं. रविवारी मी ते सगळ्यांना सांगणार होते. आणि माझं मागणं तोंडातून निघायच्या आतच ते माझ्या ताटात वाढलेलं होतं. हवं तेच मिळालं होतं, तरी घास उतरत नव्हता. का, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

आधीच्या मोहिमेत मी दीड वर्ष क्लेरिकच होते. त्या मोहिमेची शेवटची लढाई मला फाशागणिक आठवते. मी सुरुवातीलाच ब्लेस हा मंत्र टाकला होता. ब्लेसमध्ये आपले तीन जण निवडायचे. पुढचं एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या, त्यांनी वार केला की किंवा काही झेललं की त्यांच्या आकड्यात चार बाजूंच्या फाशाचा आकडा मिळवायचा. अट एकच, टाकणारीचं चित्त ढळता कामा नये. तिला मार लागला तर तिने फासा टाकून दहा तरी गाठायचे, मार मोठा असेल तर त्याच्या निम्मे. नाही गाठले तर तिघांचाही ब्लेस तिथेच विझतो. म्हणून मी ती सगळी लढाई एका खांबाच्या आडोशाला काढली. शेवटचा वार आमच्या पॅलाडिनने, शपथ घेतलेल्या योद्ध्याने, केला. वीस बाजूंच्या फाशावर नऊ आले, त्यात त्याच्या पात्राचे ठरलेले सहा, झाले पंधरा. समोरच्याला लागायला सतरा हवे होते. मग त्याने चार बाजूंचा तो बुटका फासा उचलला, टाकला, आणि दोन आले. सतरा. टेबलाभोवती जो आरडाओरडा झाला त्याने खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर येऊन चौकशी केली. पॅलाडिन खुर्चीवर उभा राहिला होता. नंतरचे कितीतरी दिवस त्या वाराची गोष्ट निघायची. त्या दोनाचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही घेतलं. पण मला ते लागलं नव्हतं, हे मला इथे अगदी स्पष्ट सांगायचं आहे. उलट परतताना ट्रेनच्या दारातल्या वाऱ्यात उभी राहून मी त्या दोनाकडे एखाद्या नाण्याकडे पाहावं तशी पाहत होते, जे माझ्या मुठीत आहे आणि मुठीबाहेर कुणाला दिसत नाही.

मग आताच का लागावं?

हीलर नवा असतो तेव्हा तो ओतत सुटतो. कुणाला ओरखडा आला की धावला. मीही तशीच होते. ‘क्यूअर वूंड्स’ हा मंत्र घ्यायचा, धावत जाऊन जखमी माणसाला हात लावायचा, त्यात आपली सगळी पाळी खर्ची घालायची, आठ बाजूंच्या फाशावर तीन आणायचे, आणि पुढच्याच फटक्यात राक्षसाने अकरा काढून न्यायचे. गळक्या बादलीत तांब्याने पाणी भरण्यासारखं ते. हळूहळू उमगलं की या खेळात ज्याचा एक एचपी (जिवाचा एक गुण) उरलाय तोसुद्धा धडधाकट माणसाइतक्याच जोराने तलवार चालवतो. जखमेला घाबरायचं कारण नसतं. बघायचं असतं ते माणूस पडतो कधी. शून्यावर आला की पडतो. मग दर पाळीला त्याने वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आले तर एक पाऊल जगण्याकडे, खाली आले तर एक पाऊल पलीकडे. एकाच बाजूची तीन पावलं झाली की निकाल. एक आला तर दोन पावलं एकदम, वीस आले तर डोळे उघडून एका एचपीवर उभा. पडलेल्याला कुणी पुन्हा मारलं तरी पाऊल पलीकडेच पडतं. या पावलांच्या मधे जी जागा असते, हीलरचा सगळा खेळ तिथे चालतो. लवकर गेलात तर वाया, उशीर केलात तर संपलं. आणि त्या जागेसाठीच केलेला एक इवलासा मंत्र आहे, हीलिंग वर्ड. चार बाजूंचा फासा अधिक आपलं शहाणपण, २०१४ च्या पुस्तकात एवढंच. (२०२४ च्या नव्या आवृत्तीत एकाऐवजी दोन फासे झाले, पण आमचं टेबल अजून जुन्यावर चालतं.) त्याला हाताची खूण लागत नाही, कुठली वस्तू लागत नाही, जवळ जावं लागत नाही. साठ फुटांवरून चालतो. पाळीतला मुख्य वेळही मोडत नाही, तो बोनस अ‍ॅक्शनमध्ये बसतो. फक्त बोलता आलं पाहिजे. एक शब्द उच्चारायचा आणि पडलेला माणूस उठतो.

बाबा प्रॉम्प्टर होते.

त्यांच्या खात्याचं नाट्यमंडळ होतं. कामगार नाट्यस्पर्धेत दरवर्षी त्यांचं नाटक असायचं आणि तालमी, रंगीत तालीम, कधीमधी एखादा प्रयोग परळच्या दामोदरमध्ये व्हायचा. १९२२ सालचं ते नाट्यगृह. कोकणातून आलेल्या गिरणगावातल्या माणसांनी त्याच रंगमंचावर नमनं केली, शक्ती-तुरा केला, नाटकं केली. २०२३ च्या अखेरीस ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं, तेव्हा मी तिथून चालत गेले आणि पत्र्यांकडे बघत थोडा वेळ थांबले. माझं बालपण त्या पत्र्यांमागे आहे. सात-आठ वर्षांची असताना मी पहिल्या विंगेत बाबांच्या मागे एका लोखंडी ट्रंकेवर बसायचे. स्पिरिट गमचा वास, पडद्याच्या घड्यांतली धूळ, पावडर, घाम, कुणीतरी आणलेल्या भज्यांचं तेल. बाबांच्या मांडीवर हस्तलिखित, हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेवर रबराने बांधलेला निळा जिलेटिनचा तुकडा. त्या निळ्या उजेडात त्यांचं बोट ओळीखालून सरकत असायचं, आणि ओठ नटाच्या बरोबरीने हलायचे, आवाज न करता. पाच माणसं बोलायची आणि सहावा माणूस त्या पाचांचंही बोलायचा, हे मला फार मोठं वाटायचं. मुख्य नट बाबांसारखा बोलतो, असं मी शाळेत सांगितलं होतं.

हस्तलिखितात बाबा पेन्सिलीने आडव्या रेघा मारायचे. कुठला नट कुठे किती थांबतो याच्या त्या खुणा. रेघ लहान तर श्वासापुरता पॉज, लांब तर मोठा. प्रॉम्प्टरची खरी परीक्षा तिथेच असते, ते म्हणायचे. नट थांबलाय की अडकलाय? थांबलेल्याला शब्द दिलास तर त्याचा पॉज मेला. अडकलेल्याला नाही दिलास तर तो मेला. मी विचारलं होतं, मग कळतं कसं? “डोळे बघायचे. थांबलेल्याचे डोळे समोरच्यावर असतात. अडकलेल्याचे विंगेकडे येतात.” आणि आणखी एक. शब्द पहिलाच द्यायचा, अख्खं वाक्य नाही. पहिला शब्द मिळाला की बाकीचं वाक्य त्याचं त्याला सापडतं. सगळं दिलं तर ते त्याच्या तोंडी पोपटासारखं येतं आणि तिसऱ्या रांगेला कळतं. एका वर्षी दुसऱ्या अंकात नायक असा काही अडकला की विंगेतल्या आम्हा सगळ्यांचे श्वास थांबले. बाबांनी एक शब्द सोडला, ‘परंतु’. एवढाच. नायक वळला, ‘परंतु आई’ म्हणाला आणि पुढचं पानभर भाषण धो धो आलं, टाळ्या पडल्या. निकालात अभिनयाचं बक्षीस त्याला मिळालं. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, सगळ्यांना बक्षिसं असतात. प्रॉम्प्टरला नसतं. त्या रात्री परळहून लालबागला चालत येताना बाबा मधेच स्वतःशी ‘परंतु’ म्हणायचे, कधी हळू, कधी लांबवून, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळलेला होता की मला आजही तो शब्द आनंदाचा वाटतो.

त्यांना भूमिका देऊ केली नव्हती असं नाही. एकदा इन्स्पेक्टरचं काम सांगितलं होतं, चांगली दोन पानं संवाद. नको म्हणाले, मी विंगेत बरा. ते त्यांनी निवडलेलं होतं.

पूर्वी क्लेरिकचं असं, निवडून घेतलेलं, नव्हतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली छापून आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, तेव्हा त्यात तीनच क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, होते: लढणारा, जादू करणारा आणि क्लेरिक. त्यातला क्लेरिकही कुणाला जखमा भरायची हौस होती म्हणून आला नाही. आर्नेसनच्या ब्लॅकमूर या आधीच्या खेळात एकाचं पात्र व्हॅम्पायर होऊन सगळ्यांना भारी पडायला लागलं, त्याला आवरायला म्हणून हा पुरोहित घडवला गेला. धारेचं शस्त्र त्याला बंद. पहिल्या पायरीवर तर त्याला एकही मंत्र नव्हता. पुढच्या पायरीपर्यंत टिकला तर मिळायचा. पुढे पिढ्यान् पिढ्या टेबलांवर तेच चालत आलं. सगळ्यांचं घेऊन झालं की उरलेला क्लास उरलेल्या माणसाला, कारण त्याच्यावाचून सगळे मरतील. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हे पालटायचा प्रयत्न केला. चार भूमिकांना रीतसर नावं दिली, आणि क्लेरिकसारख्या सांभाळणाऱ्यांच्या भूमिकेला नाव दिलं ‘लीडर’. त्या आवृत्तीवर लोकांनी बरीच टीका केली, तिच्यात मलाही खटकणाऱ्या गोष्टी आहेत, पण तो एक शब्द मी मनापासून जपलाय. हीलिंग वर्डने मुख्य पाळी मोडू नये, सांभाळणारीलाही त्याच पाळीत दुसरं काही करता यावं, हेही त्याच आवृत्तीत जमून आलं. कुणीतरी, कुठेतरी, या कामाला काय वाटत असेल याचा विचार केला होता.

त्या रविवारनंतर सोमवारी सकाळी ट्रेनमध्ये मला एक जुना आवाज ऐकू आला.

म्हणजे तिथे कुणी नव्हतं. मला आठवला तो चाळीतला गॅलरीतला आवाज, बाबांच्या मंडळातल्या काकांचा: “चहाचं काय, वहिनी आहेतच की.” तालीम अकरापर्यंत लांबायची, मग चार-पाच जण बाबांबरोबर घरी यायचे. आई उठायची. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं, तेव्हाही तीच उठायची. आजी अंथरुणाला खिळल्यावर औषधं, बेडपॅन, रात्रीचं जागणं, सगळ्याला उत्तर एकच होतं, आई आहेच. चाळीत बायकांचं भजनी मंडळ होतं, गुरुवारी. आई त्यात पेटी वाजवायची. कुठल्याही पट्टीत कुणी सुरू केलं तरी दुसऱ्या ओळीपर्यंत सूर पकडायची. आजीच्या दुखण्यात ते सुटलं. सोड म्हणून कुणी सांगितलं नाही. सोडू नकोस म्हणूनही नाही. बाबा प्रेमळ होते, आजही आहेत, आणि तरी हे खरं आहे की दुसऱ्याचं अडलेलं वाक्य साठ फुटांवरून ओळखणाऱ्या त्या माणसाला घरातली ती थांबलेली पेटी ऐकू आली नाही. हे लिहिताना मला त्रास होतो. दोघंही आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करत राहिले. एकाने ते मागून घेतलं होतं.

त्याच डब्यात, मुलुंडहून येणाऱ्या गर्दीत चेपलेली असताना, समोरच्या मुलीने खिडकीतल्या बाईला विचारलं, “कुठे उतरणार?” बाई म्हणाली, “घाटकोपर.” मुलगी म्हणाली, “मग मी बसते.” आणि मागून आणखी एकीने त्या मुलीला, “आणि तुम्ही?” लेडीज डब्यात वर्षानुवर्षं चाललेला हा रिवाज, मी हजारदा ऐकलाय, हजारदा स्वतः विचारलंय. एवढ्या रेटारेटीतसुद्धा विचारल्यावाचून कुणी कुणाची जागा धरत नाही. मी घाटकोपर येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत राहिले.

मंगळवारी रात्री मी ग्रुपवर लिहिलं: ‘क्लेरिक होशील का, असं मला कुणी विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं.’ दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पाठवलं. डीएमचं लगेच ‘सॉरी गं’ आलं. पंधरा मिनिटांनी त्या मुलाचा फोन आला, मेसेज नाही, फोन. “ताई, चुकलंच माझं. मागच्या मोहिमेच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तुम्ही सगळ्यांना कसं जगवलंत त्याच्या. म्हणून पटकन बोलून गेलो. तुम्ही तुम्हाला हवं ते घ्या. मी फायटर सोडतो, ड्रुइड घेतो, हीलिंग मी बघतो.” त्याच्या आवाजात नुसती दिलगिरी नव्हती, तयारी होती. मी बरं म्हणाले. फोन ठेवला आणि मला मोकळं वाटायला हवं होतं. दोन दिवस मी सॉर्सररची शीट भरली, आगीचे लोळ, चांगले दणदणीत मंत्र. भरताना सारखं वाटत राहिलं की आता कुणी पडलं की शब्द दुसराच कुणी देणार. तो लवकर देईल. नवा आहे, ओतत सुटेल. मला चक्क मत्सर वाटत होता, आणि ते मान्य करायला शनिवार उजाडावा लागला.

शनिवारी लालबागला गेले. खाली गणपतीच्या कारखान्यांवर निळी ताडपत्री, तिच्यावर साचलेलं पाणी बांबूने ढकलणारी मुलं, ओल्या शाडूचा आणि रंगाचा वास थेट जिन्यापर्यंत. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. माणसं, रस्ते, जुनी नाटकं सगळं लख्ख आठवतं, पण बोलता बोलता वस्तूंची नावं हातातून निसटतात. खुर्ची खिडकीशी ओढून ते मला कारखान्यातलं सांगत होते, “मोठ्या मूर्तीचं रंगकाम झालंय. आता त्या… डोळ्यांचं ते…” आणि थांबले. शब्द माझ्या ओठांवर आला होता. शेजारी मेथी निवडत बसलेल्या आईने माझ्या मनगटावर हात ठेवला, ओला, मातीचे कण लागलेला. ती बाबांकडे बघत होती. बाबा खाली कारखान्याकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून. कितीतरी वेळ गेला. एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मग बाबांची नजर फिरली आणि आईवर आली, आणि त्याच क्षणी ती अगदी हळू म्हणाली, “आ…”

“आखणी,” बाबा म्हणाले. “डोळ्यांची आखणी सुरू झालीय.” आणि पुढे पाच मिनिटं न अडखळता बोलले.

मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. हे तुला कुणी शिकवलं, विचारलं. ती म्हणाली, “शिकवायचं काय त्यात. ते माझ्याकडे बघतात ना. बघेपर्यंत थांबायचं.” मी धीर करून पुढचं विचारलं, तुला कंटाळा येत असेल ना गं, अजूनही हेच करायचा. मेथी धुताना तिने नळ बारीक केला. “येतो की,” म्हणाली. “पण हे मी करते. तेव्हाचं करावं लागायचं.” मग अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की गुरुवारचं भजन तिने गेल्या महिन्यापासून पुन्हा धरलंय, पेटीचा भाता जुना झालाय पण चालतो, आणि गुरुवारी बाबा आपलं आपण वाढून घेतात. आमटी गरम करताना पहिल्यांदा त्यांनी भांडं जाळलं. आता जमतं.

परतताना जिन्यातूनच मी त्या मुलाला फोन केला. “फायटर सोडू नकोस. क्लेरिक मी घेते.” तो म्हणाला, “ताई, नक्की? माझ्यामुळे नको हं.” मी म्हटलं, “मला हवाय.” हे दोन शब्द उच्चारायला मला इतकी वर्षं का लागावीत, कोण जाणे.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमची पहिली खरी लढाई झाली. नदीवरचा एक अरुंद दगडी पूल, पलीकडून येणारी गॉब्लिनची टोळी, अलीकडे आम्ही पाच जण आणि आमच्यामागे गाव सोडून निघालेली माणसं. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला दिवसाला दोनच स्पेल स्लॉट, म्हणजे मोठे मंत्र दोनदाच टाकता येतात. एक मी ब्लेसला दिला. उरला एक. फायटर पुलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या फेरीत तो बारा एचपींवरून तीनवर आला आणि बार्बेरियन माझ्याकडे वळून म्हणाला, “अगं, त्याला हील कर!” मी त्या मुलाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर डीएमच्या हातातल्या गॉब्लिनवर खिळली होती आणि ओठ मिटलेले, तो काहीतरी जुळवत होता. मी एका गॉब्लिनवर सेक्रेड फ्लेम टाकला, त्याला स्लॉट लागत नाही, आणि थांबले. बार्बेरियनला ते आवडलं नाही.

त्याची पाळी आली. तो खुर्चीत ताठ झाला, ढाल उचलल्यासारखा हात केला आणि म्हणाला, “या पुलावरून…” त्याचं वाक्य मोठं होतं, त्याने ते घरून तयार करून आणलं असावं. डीएमने हात वर केला. कड्यावर दबा धरून बसलेल्या एका गॉब्लिनने त्याच क्षणाची वाट पाहिली होती. बाण. पाच. तो पडला. पहिला फासा, सात. एक पाऊल पलीकडे. मग कड्यावरून आणखी एक बाण, पडलेल्या अंगावर. दुसरं पाऊल. टेबलावर कुणी बोलेना. बाहेर पाऊस थांबला होता आणि पागोळ्या खालच्या पत्र्यावर वाजत होत्या. तो मुलगा वीस बाजूंचा फासा बोटांत फिरवत होता, पुढचा टाकायच्या तयारीत, आणि मग त्याने मान वर केली व माझ्याकडे पाहिलं.

“माझी पाळी,” मी म्हणाले. “हीलिंग वर्ड.”

“शब्द कोणता?” डीएमने विचारलं. ती हे नेहमी विचारते. दीड वर्ष मी ‘ऊठ’ म्हणत आले होते.

मी चार बाजूंचा फासा टाकला आणि त्याच्याकडे बघत, त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, “या…”

तो खुर्चीत सरळ झाला.

“या पुलावरून,” तो म्हणाला, “आज कुणीही पलीकडे जाणार नाही.”